ठोका येईपर्यंत

प्रिय दिव्या,

पाकीट पाहून घाबरू नको. घरी सगळं ठीक आहे. बाबा ठीक आहेत, मी ठीक आहे, धान लोंबीवर आलं आहे आणि बायनाबाईची ती चोरटी शेळी अजूनही आपल्याच कुंपणातून आत शिरते. हातात फोन असताना आईने पत्र काऊन लिहिलं, हे तुझ्या मनात येणारच. तर ऐक. तू फोन करतेस तेव्हा बाबा माझ्या शेजारी खाटेवर बसलेले असतात. तूच सांगितलंस, फोन स्पीकरवर ठेवत जा, बाबांनाही ऐकू दे. तसा ठेवते. म्हणून मग काही गोष्टी बोलता येत नाहीत. आता अंगणवाडीत बसले आहे, फोन घरी बाबांजवळ ठेवून येते मी. पोरं खिचडी खाऊन घरी गेली, मदतनीस सरिता मागे खिचडीचा मोठा गंज घासून राह्यली आहे, आणि मी रजिस्टर भरायच्या पेनाने तुला लिहिते आहे. रजिस्टरं भरून भरून माझी भाषा सरकारी झाली आहे असं बाबा म्हणायचे. तेवढं चालवून घे.

गोष्ट पिकअपची आहे. म्हणजे सुरुवात तिथून आहे. तू ब्रह्मपुरीच्या त्या अंकुशशी बोलून ठेवलंस, की गाडी बघून घ्या, रविवारी घेऊन जा. त्याचा मला राग नाही. खरंच नाही. तू तिकडे हैदराबादेत रात्रंदिवस आमचीच काळजी करतेस, हे मला समजतं. गाडी ताडपत्रीखाली सडते आहे, चालवणारा खाटेवर आहे, मग ती काढून टाकावी, घराला कुलूप लावावं आणि आई-बाबांनी माझ्याकडे यावं, मोठ्या दवाखान्याजवळ राहावं, असं तुला वाटतं. तुझ्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं. पण अंकुश आला त्या दिवसापासून इथं काय काय झालं ते तुला ठाऊक नाही. आधी ते वाच, मग ठरव.

अंकुश आला मंगळवारी. माणूस वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही. ताडपत्री ओढली, टायरला लाथ मारली, आत बसून चाबी फिरवली. बॅटरी आपल्या गाडीवरच्या लालसूने आदल्या दिवशी चार्ज करून आणली होती, तरी इंजिन नुसतं घुरघुर करून गप्प झालं. मग त्याने ब्रेक दाबला तर पेडल पार खाली टेकलं. उतरला आणि म्हणाला, बाई, हे तं भंगारच झालं, रविवारी टोचन लावून घेऊन जातो. बाबा मोहाच्या झाडाखाली खुर्चीवर बसलेले. त्यांच्याकडे हनुवटी करून तो मलाच विचारतो, यायले समजते का काही? त्यांच्यासमोर, दिव्या. एखाद्या मुक्या जनावराबद्दल विचारावं तसं. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा जास्त समजते. तो हसला. मी हसले नाही.

बाबा उठले. काठी टेकत टेकत गाडीजवळ गेले आणि डावा हात बॉनेटवर ठेवून उभे राहिले. अंकुश चहा प्यायला, फोटो काढले, कुणाकुणाला फोन लावले, फटफटी चालू करून गेलाही. तोपर्यंत त्यांनी तो हात काही उचलला नाही. ऊन चढलं होतं, पत्रा तापला होता. मी जाऊन हात उचलला तर तळवा लाल झालेला. मी त्यांच्यावर ओरडले. मग आत जाऊन चुलीपुढं बसले आणि धूर लागल्याचं निमित्त केलं.

तुला आठवतं का, लालसूने तो दिवस कसा सांगितला होता? तू आलीस तेव्हा तुझ्या डोळ्याला धार लागलेली होती, नीट ऐकलंस की नाही कोण जाणे. तेंदूपत्त्याचे दिवस. धानोऱ्याहून पोती भरून बाबा येत होते, लालसू बाजूला बसलेला. रस्ता उताराचा, खाली नाला. तो म्हणतो, भाऊनं अचानक गाडी बाजूले घेतली, डाव्या हातानं हँडब्रेक ओढला, चाबी काढली अन् मंग माह्या खांद्यावर पडले. उजवं अंग त्याआधीच गेलेलं होतं गं. अर्ध्या अंगाने गाडी रस्त्याच्या कडेला लावली त्यांनी, मागं पोती, बाजूला माणूस, कुणाला खरचटलं नाही. मला पुष्कळ वेळा वाटतं, त्या उतारावर त्यांनी लालसूला वाचवलं. लालसू तर तसं उघड म्हणतो. म्हणून तो रोज संध्याकाळी येऊन बसतो. काही बोलत नाही, तंबाखू मळतो आणि दोघं झाडाकडे बघत बसतात.

मग गडचिरोलीचा दवाखाना, मग घर. उजवा पाय थोडा परत आला, हात नुसता खांद्यातून हलू लागला, बोलणं काही आलं नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते मी तुला पुन्हा सांगते, कारण त्या वेळी तू खिडकीकडे तोंड करून रडत होतीस. त्या म्हणाल्या, यांच्या डोक्यात शब्द सगळे जागच्या जागी आहेत, तोंडापर्यंतची वाट तेवढी बिघडली आहे. विचारा आणि थांबा. मी मान हलवली. अंगणवाडीत मी रोज तेच करते ना, पोराला विचारायचं आणि ते अडखळत सांगेपर्यंत थांबायचं. पण घरी आले आणि विसरले. त्यांनी तोंड उघडलं की मीच शब्द पुरवायची. पाणी पाहिजे? ऊन लागते? लघवीला जायचं? ते मान हलवायचे किंवा नाही हलवायचे, आणि माझं काम भागायचं. हळूहळू त्यांनी तोंड उघडणंच सोडलं.

अंकुश गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकून वळते तर हे पाण्याची रिकामी बादली पालथी घालून मागच्या चाकाजवळ बसलेले. अवजाराची पेटी कोठीतून डाव्या हाताने ओढत आणली होती. शेणानं सारवलेल्या अंगणात फरफटल्याची लांब रेघ उमटलेली. मी म्हटलं, हे काय चाललंय, पडले म्हणजे? त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाना उचलला आणि चाकाच्या ड्रमवर एक ठोका दिला. ठक.

दिव्या, मला एकदम समजलं. तुलाही समजलं असतं.

आठवते ना ती आपली ठोक्यांची भाषा? बाबांनी मिस्त्रीकडे गाडी कधी नेली नाही. म्हणायचे, ज्या ब्रेकवर आपली माणसं बसतात ते ब्रेक आपल्याच हातचे पाहिजे. ब्रेक खोलले की पायपात हवा शिरते आणि ती काढायला दोन माणसं लागतात, एक खाली चाकापाशी आणि एक वर पेडलवर. वरच्याला खालचा दिसत नाही, रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजात ऐकूही येत नाही, म्हणून पान्याचा ठोका. एक ठोका म्हणजे पेडल मारून दाबून धर. ते धरलं की खालचा माणूस चाकामागचं बारकं निप्पल सैल करतो, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडतात, निप्पल परत आवळतो. मग दोन ठोके, म्हणजे आता सोड. दोन ठोके येण्याआधी पाय उचलला तर बाहेर आलेली हवा परत आत ओढली जाते आणि सगळी मेहनत मातीत. आधी मी दाबायची. मग तू मोठी झालीस आणि ती जागा तुझी झाली. पाय पुरत नव्हते तर स्टेअरिंगला लोंबकळून पेडलवर उभी राहायचीस. गल्लीत पोरींचा खेळ सुरू झाला की तुझा जीव तिकडे, आणि पाय हमखास आधी उचलला जायचा. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. बाबा चाकामागून एवढंच म्हणायचे, आखीन. म्हणजे पुन्हा. तू हिरमुसून पुन्हा उभी राहायचीस. पुन्हा चुकलीस तर पुन्हा, आखीन.

तर मी रांगोळी तशीच सोडली आणि जॅक आणला. पुढच्या चाकांना दगड लावले, मागं लाकडाचे ठोकळे. चाक काढेपर्यंत घामाघूम. ते बादलीवर बसून नुसते पान्याने दाखवायचे, हा नट, मग तो नट, आणि चुकलं की टकटकटक सुरू. ड्रम काही निघेना. पावसाळाभर उभी राहून गंज चढलेला. ते काठीने काहीतरी खाणाखुणा करत होते, पण मी म्हटलं थांबा, मला येते. आत गेले, जवसाच्या तेलाची वाटी आणली आणि कडेकडेनं चांगलं सोडलं. आपल्या कोठीच्या दाराचा कोयंडा मी असाच सैल करते ना. बाबांनी डावा हात कपाळावर मारून घेतला. मी म्हटलं, काय झालं? तेल पार आत लायनरवर गेलं होतं गं. ब्रेकची पकड असते घासण्यावर आणि मी त्याला फोडणीचं तेल पाजलं. मग ड्रम सगळीकडून ठोकून ठोकून निघाला, त्यांना तेच सांगायचं होतं, आणि मी एक अख्खी दुपार ते लायनर पॉलिश पेपरने घासत बसले. बायनाबाई कुंपणावरून बघत होती. म्हणाली, काय ओ भागीरथाबाई, गाडीचं बाळंतपण करून राह्यली का? मी म्हटलं, हो, तुमची शेळी आवरा, बारशाला बोलावते.

त्या वेळी बाबा हसले. अर्ध्याच तोंडाने हसतात आता, उजवी बाजू जागची हलत नाही. पण खांदे हलले. मे महिन्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

ड्रमच्या आत जो छोटा सिलिंडर असतो, लायनरला ढकलणारा, तो गळत होता. पेडल खाली जायचं कारण ते. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला, ओली जागा बोटाने दाखवली आणि बोट गडचिरोलीकडे केलं. मी तो फडक्यात बांधून बसने गेले. दुकानदाराने आधी माझ्या मागं पाहिलं, मिस्त्री कुठी आहे म्हणून. मी म्हटलं, मिस्त्री घरी बसले आहेत, मी त्यांचा उजवा हात आहे. सहज बोलून गेले गं, पण बसमध्ये परत येताना त्या बोलण्यानं पदर डोळ्याला लावावा लागला. पिशवीत नवा सिलिंडर, ब्रेक ऑइलचा डबा, आणि बाजूच्या सीटवरच्या बाईला वाटलं मी माहेराहून रडत निघाले आहे. तिने मला चिवडा दिला. मी खाल्ला.

इंजिनाचं दुखणं निघालं ते उंदराचं. बॉनेटखाली फिल्टरजवळची डिझेलची बारीक नळी कुरतडलेली. तिथून हवा ओढली जात होती, म्हणून घुरघुर. बघ, ब्रेकमध्येही हवा आणि इंजिनमध्येही हवा, पूर्ण गाडीला वायूच झाला होता. लालसूने नळी बदलली. फिल्टरवर तो हाताने दाबायचा छोटा पंप असतो ना, तो दाबायला बाबा स्वतः उभे राहिले. काठी मला दिली, पोट गाडीला टेकवलं आणि डाव्या अंगठ्याने दाबत राहिले. मी म्हटलं लालसू करेल, बसा तुम्ही. ऐकतात कुठं. फेस यायचा थांबला, स्वच्छ डिझेल आलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. लालसूने चाबी फिरवली. गाडी खोकली, काळा धूर सोडला, कोंबड्या चहूकडे पळाल्या, आणि लागली. बाबांनी पुन्हा तोच हात बॉनेटवर ठेवला. पण या वेळी खाली थरथर होती. ते डोळे मिटून उभे राहिले आणि मी त्यांना उभं राहू दिलं.

आता मुख्य ते ऐक. शनिवारी सकाळी आम्ही ब्रेकची हवा काढायला बसलो. अंकुश दुसऱ्या दिवशी टोचन घेऊन येणार होता. मी सीटवर, बाबा खाली पोत्यावर मागच्या डाव्या चाकाशी, कारण सुरुवात नेहमी सगळ्यात लांबच्या चाकापासून. एक ठोका आला. मी पेडल मारलं, दाबून धरलं. पेडल हळूहळू खाली गेलं, म्हणजे निप्पल सैल झालं. मग दोन ठोके यायला हवे होते. आले नाहीत. मी धरून बसले. आले नाहीत. त्यांना डाव्या हातानेच निप्पल आवळायचं, तोच पाना काढायचा, त्यानेच ठोकायचं, आणि उजवा खांदा गाडीला टेकवून बसायचं. हे सगळं मला समजायला पाहिजे होतं. पण मनात तेच आलं, तेंदूपत्त्याच्या दिवसाचं. वाटलं पडले. वाटलं पुन्हा आला झटका. मी पाय उचलला आणि दारातून वाकून ओरडले, अहो, काय झालं?

काहीच झालं नव्हतं. पाना त्यांच्या हातात होता, ठोका द्यायला उचललेला. ते माझ्याकडे बघत होते. पण मी पाय उचलला तेव्हा निप्पल अजून सैल होतं, त्याला लावलेल्या नळीतून बाटलीतलं तेल परत वर ओढलं गेलं होतं. मी कपाळाला हात लावला. आणि मग, दिव्या, त्यांचा जबडा हलू लागला. ओठ एका बाजूला ओढले गेले, गळ्याची शीर फुगली. मी शब्द पुरवणारच होते, सवयीने. पण काय पुरवणार, मला माहीतच नव्हतं त्यांना काय म्हणायचं आहे. म्हणून गप्प राहिले. म्हणून, केवळ म्हणून, त्यांना वेळ मिळाला.

आखीन, म्हणाले.

जड, घासलेला, पण अख्खा शब्द. मी सीटवर जाऊन बसले आणि पेडल दाबलं. डोळ्यातून पाणी वाहत होतं तसं वाहू दिलं, पाय मात्र हलू दिला नाही. कितीही वेळ लागला तरी धरून ठेवायचं असं ठरवलं. बाहेर बायनाबाई शेळीला शिव्या देत गेली, रस्त्यावरून बस गेली, माझी पोटरी कापायला लागली. आणि मग आले. ठक, ठक. त्या चाकाची आम्ही पुष्कळ वेळा हवा काढली, मग उजवं, मग पुढची दोन्ही. प्रत्येक वेळी ठोका उशिरा आला. पण एकदाही चुकला नाही. दुपारपर्यंत पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं.

रविवारी सकाळी लालसूने गाडी शाळेच्या मैदानावर नेली. बाबा बाजूच्या सीटवर, मी मागं उभी. मैदानात कोण मधे यावं? बायनाबाईची शेळी. लालसूने ब्रेक मारला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली, मीच पुढं टपावर आपटले. बाबांनी मागं वळून मला पाहिलं आणि पुन्हा ते अर्ध्या तोंडाचं हसू. अंकुश टोचन घेऊन आला तेव्हा गाडी अंगणात चालू उभी होती. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, आमाले विकायची नाई. तो तुला फोन करून माझी तक्रार करेल. केली असेलच. दिवाळीनंतर गावोगाव मंडईच्या जत्रा लागतील, नाटकवाल्यांचं सामान न्यायला गाडी लागते, लालसू चालवायला तयार आहे आणि शेजारी बसायला त्याला बाबाच पाहिजेत. हैदराबादला आम्ही येऊ, महिनाभर राहू, तुझ्या त्या दवाखान्यातही दाखवू. पण परत येण्याच्या बोलीवर.

हे सगळं मी फोनवर सांगू शकले असते, असं म्हणशील. गाडीचं सांगू शकले असते, हो. पण पत्र गाडीसाठी लिहिलंच नाही. शनिवारी संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा बाबा अंगावर ग्रीस तसंच ठेवून खाटेवर बसले होते. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, तेच स्वतःहून फोनकडे सरकले. तू विचारलंस, बाबा, कसे आहात? त्यांचा जबडा हलू लागला, तसाच, सकाळसारखा. तू थोडी थांबलीस. मग म्हणालीस, बरं बाबा, आराम करा हं, आईला विचारते मी. मग माझ्याशी बोललीस, जेवण, गोळ्या, अंकुश, आणि फोन ठेवलास. तुझी काही चूक नाही, मी स्वतः एवढे महिने तेच करत आले. पण तू फोन ठेवल्यावर, पडद्यावरचं तुझं नाव विझल्यावर, ते बोलले. दिव्या, म्हणाले. पूर्ण. फोनकडे बघत. मग माझ्याकडे पाहिलं, बघ आलं म्हणून, आणि मग फोन बंद आहे हे त्यांच्या लक्षात आलं. रविवारीही तसंच झालं, कालही. तुला त्यांच्यासमोर मी कशी सांगणार की बेटा, तू घाई करतेस? त्यांना वाटेल आपल्यामुळे पोरीला बोलणी बसली, आणि ते फोनकडे सरकणं सोडतील. म्हणून हे पत्र. हे मिळालं की संध्याकाळी नेहमीसारखा फोन कर. विचार, बाबा, कसे आहात. आणि मग गप्प राहा. आवाज आला नाही तर लाईन गेली असं समजू नको, हॅलो हॅलो करू नको, त्यांच्या तोंडात शब्द घालू नको. मीही घालणार नाही. तुझी पोटरी कापली तरी पाय उचलू नको, दिव्या. ते खाली बसले आहेत, हातात पाना आहे, आणि तो ठोक्यासाठी उचललेला आहे.

पेडल दाबून बसलेली,
तुझीच आई